खास बुरूज पाहायला

मी मुलगी पाहायला सावळीला गेलो, तेव्हा मला आधी बुरूज दाखवण्यात आला.

अंजनगाव सुर्जीहून अकोटकडे जाताना उजव्या हाताला सावळीचा फाटा लागतो. तिथे मुलीचे थोरले भाऊ खुशालराव आम्हाला घ्यायला उभे होते. डोक्यावर टोपी, हातात छत्री, ऊन नाही आणि पाऊसही नाही. आम्ही एस.टी.तून उतरलो. वडिलांनी नवं धोतर सावरलं, मामांनी विडा थुंकला आणि मी भांग नीट केला. खुशालरावांनी रामराम केला आणि गावाकडे वळण्याऐवजी आम्हाला सरळ एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात घातलं.

"घर तिकडं दिसून राहिलं ना?" मामांनी विचारलं.

"घर कुठी पळून जाते? आधी हे पाहून घ्या."

ढेकळं तुडवत, गोखरूचे काटे पायांत भरून घेत आम्ही एका टेकाडावर चढलो. वर एक बुरूज होता. म्हणजे अर्धा होता. खाली काळे दगड, वर भाजक्या विटा, त्याच्याही वर पिंपळाचं झाड. खुशालराव छत्री उगारून उभे राहिले आणि बोलायला लागले. ते काय बोलले ते कोणालाच समजलं नाही, कारण मामा काटे काढत होते, मी पँटवरची कुसळं वेचत होतो आणि वडील वेगळ्याच विचारात होते. शेवटी वडिलांनी विचारलं, "हा तुमचाच काय?"

"आपलाच समजा," खुशालराव छातीवर हात ठेवून म्हणाले.

वडिलांनी तिथेच लग्न पक्कं केलं. मुलगी नंतर पाहिली. बुरुजाचे मालक म्हणजे घरंदाज माणसं, असं त्यांनी गृहीत धरलं, आणि बुरूज गावठाणाचा आहे हे त्यांना माझ्या मोठ्या मुलाच्या बारशात कळलं. माझी बायको आजही म्हणते, "तुमी आधी बुरूज पसंत केला, मंग मले." यात खोटं काहीच नाही.

तर असे आमचे मेव्हणे खुशालराव. काळ्या जमिनीचा एक बरा तुकडा, त्यात कपाशी आणि तूर, घरी वच्छलावहिनी, दोन बैल, एक म्हैस. चारचौघांसारखा माणूस. सातवीत असताना शाळेची सहल अजिंठ्याला गेली आणि घात झाला. बाकीची पोरं लेणी पाहत होती, खुशालराव लेणी पाहणाऱ्यांना पाहत होते. सातासमुद्रापलीकडून माणसं येतात, घाम पुसत चढतात आणि एक माणूस काडीने भिंतीवर दाखवतो तिकडे मान वर करून बघतात, हे त्यांनी पाहिलं. परत आल्यावर त्यांनी आपला बुरूज पाहिला. तेव्हापासून हा माणूस वाट पाहतो आहे.

त्या बुरुजाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचा गोंधळ समजणार नाही. समजला तरी गोंधळ गोंधळच राहील, पण निदान कशाचा ते कळेल. ती कोणे एके काळची गढी. चार बुरूज होते म्हणतात, उरला एक. बाकीची गढी कुठे गेली असं विचारलं तर गावातला कोणीही माणूस वर बोट दाखवतो. आकाशाकडे नाही, आपल्या घराच्या छताकडे. गढीची माती पांढरी, चिकट. पाणी म्हणून आत उतरू देत नाही. दरवर्षी पावसाच्या तोंडावर सावळीची माणसं टोपली-फावडं घेऊन गढीवर जातात आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, टाकायला माती आणतात. त्यांचे बाप आणत होते, आजे आणत होते. असं करत करत अख्खी गढी टोपलीटोपलीने उतरून गावाच्या डोक्यावर जाऊन बसली.

ती बांधली कोणी, हे कोणालाच माहीत नाही. खुशालरावांना मात्र पाहुण्यागणिक माहीत असतं. नागपूरचा पाहुणा आला की गढी भोसल्यांची. अचलपूरचा आला की इमादशाहीची. पोलीस पाटलाचा साडू आला होता त्याला त्यांनी सांगितलं की इथे चोर डांबून ठेवत. गावातले नासिरभाई फाट्यावर विहिरीच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांचं आणि खुशालरावांचं लहानपणापासूनचं मैत्र. नासिरभाईंच्या मते बुरुजात एक बुजुर्ग पीर निजले आहेत. पिंपळावर मुंजा राहतो यावर मात्र हिंदू-मुसलमान सगळ्यांचं एकमत.

"खुशालभाऊ," नासिरभाई म्हणायचे, "एक कायचं तरी पक्कं धर ना. कधी भोसले, कधी बादशाह. बुरूज हाये का नाटक कंपनी?"

"पाहुण्याचं मन राखा लागते, नासिर."

पण पाहुणा येणार कुठून? सावळीला येऊन येऊन कोण येणार? लग्नाची वरात, एस.टी.चा तपासनीस, म्हशीचा डॉक्टर. यातल्या प्रत्येकाला खुशालरावांनी बुरूज दाखवला आहे. आत एक देवळी आहे, तिच्यात टॉर्च मारून वटवाघळं दाखवली आहेत. म्हशीचा डॉक्टर तर पुढे पुढे म्हैस परस्पर फाट्यावरच मागवायचा.

आणि मग ती वर्षं आली. वऱ्हाडातल्या माणसाला ती वर्षं कोणती हे सांगावं लागत नाही. कपाशीवर लाल्या पडला, पेपरात रोज आमच्या जिल्ह्यांची नावं, कधी अमरावती, कधी अकोला, कधी यवतमाळ, आणि त्या नावांखाली वाचवत नाही असा मजकूर. मग सरकारचं पॅकेज आलं आणि पॅकेजच्या मागेपुढे पथकं आली. पाहणी पथक, अभ्यास पथक, पाहणीची पाहणी करणारं पथक. ज्या सावळीला आयुष्यात कोणी आलं नव्हतं, तिथे पांढऱ्या गाड्या यायला लागल्या.

खुशालराव आधी हरखले. मग त्यांच्या लक्षात आलं की गाड्या बुरुजाकडे पाहतही नाहीत. त्या थेट मोतीरामच्या शेतात जातात. मोतीराम हा साधा भिडस्त माणूस, त्याचं शेत रस्त्याला लागून. पथकाला वेळ नसतो, बूट चिखलात घालायची हौस नसते, म्हणून पहिल्या पथकाने तेच शेत पाहिलं. दुसऱ्याने पहिल्याचा फोटो पाहून तेच पाहिलं. पुढे गावाचीच रीत पडली: पथक आलं की मोतीरामचं शेत. मोतीरामने पथकासाठी एक सदरा बाजूला काढून ठेवला होता. दुःख खोटं नव्हतं, आत सगळ्यांच्याच शेतात तेच होतं. पण पाहुणे आले की घोंगडी अंथरावी, तसं ते शेत अंथरलेलं असायचं.

"पाहा जवाईबापू," खुशालराव मला म्हणाले, "माहा बुरूज शेकडो वर्षं उभा हाये, कुत्रं येत नाई. अन् मोत्याचं शेत दोन वर्षांत पाहण्यासारखं झालं!"

"मले काय हौस हाये काय?" मोतीराम कळवळून म्हणाला. "घे तू पथक. ने तिकडंच."

एकदा त्यांनी खरंच नेलं. एका साहेबाला गोड बोलून अर्ध्या टेकाडापर्यंत चढवलं. सांगता सांगता भोसल्यांपर्यंत आले आणि साहेबांचा फोन वाजला. साहेब फोनवर बोलत बोलत उतरले ते गाडीत बसूनच थांबले.

त्याच वर्षी सरपंच जानरावने बंधाऱ्याचा विषय काढला. जानराव हा खुशालरावांचा भाऊबंद, वर्गमित्र, आणि रोजचा भांडणाचा गडी. नाल्यावर बंधारा मंजूर झाला होता. पाणी अडलं तर विहिरींना आधार मिळणार होता, यात वाद नव्हता. वाद दगडाचा होता. खाण लांब, आणि वाहतुकीची तरतूद कागदावरसुद्धा नव्हती.

"घडीव दगड गावातच हायेत," जानराव ग्रामसभेत म्हणाला. "बुरूज उतरवू. तसाही पडूनच राहिला तो."

खुशालराव उठले. ते काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. जानरावच्या आईचा त्यात उल्लेख होता, आणि ती बाई तिथेच पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होती, कारण तिला ऐकू येत नाही.

"अरे पण कोण येते तुह्या बुरुजाले?" जानराव ओरडला. "खास बुरूज पाहाले एक माणूस आला काय आजवर? एक? सोयरे नाई, डॉक्टर नाई, वाट चुकलेला नाई. खास!"

खुशालराव गप्प झाले. तीस वर्षांत ते गप्प झालेले कोणी पाहिले नव्हते, म्हणून जानरावच घाबरला आणि जरा नमला. "बरं. संक्रांतीनंतर काम सुरू होते. तोवर एक जरी माणूस खास बुरुजासाठी आला, तर हात नाई लावत. आईची शप्पथ."

आईने पुन्हा मान डोलावली.

त्या डिसेंबरात मी आणि बायको तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले खायला म्हणून सावळीला गेलो होतो. खुशालराव घरी नव्हते. ते फाट्यावर छत्री घेऊन उभे असायचे, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत.

"नवरदेव पाहाले उभ्या असलेल्या पोरीवानी करून राहिले," वच्छलावहिनी चुलीपुढून म्हणाल्या. "जेवाले बोलवाले तिथं जा लागते. मीच येऊ काय म्हटलं खास पाहाले? तर म्हणे तू घरची हायेस, तू चालत नाईस."

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरी जीप आली. आत एक गोरा माणूस आणि एक गोरी बाई. माणूस आडव्या हाडाचा, लाल मानेचा, डोक्यावर चपटी टोपी. बाई सडपातळ, पांढरे केस, अंगावर खिशांचं जाकीट. गावात क्षणात बातमी झाली की आता इंग्रजांचं पथक आलं. जानराव धावत आला. मोतीराम धावत घरी गेला आणि सदरा बदलून आला. त्या दोघांना उतरताच नारळपाणी, मग चहा, मग हार. हार घालून घेताना ती दोघं एकमेकांकडे अशी पाहत होती, जणू आपलंच लग्न पुन्हा कोणी लावतंय.

"कुठून आणलं रे यायले?" जानरावने ड्रायव्हरला विचारलं. तो परतवाड्याचा होता.

"चिखलदऱ्याहून. नरनाळ्याले चाललो होतो. इथं बाई म्हणे थांब, मी थांबलो."

"काहून थांब म्हणे?"

"ते मले काय माहीत बाप्पा? मी इंग्रजी चालवत नाई, गाडी चालवतो."

मग नासिरभाईंच्या मुलीला, गजालाला, बोलावणं गेलं. ती इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती, सुट्टीत घरी आलेली. ओढणी सावरत आली, गोऱ्या माणसाचं बोलणं लक्ष देऊन ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. "अब्बा, ये अंग्रेजी नहीं है।"

"मग तीन साल तू काय शिकून राहिली?"

बाईंनी मात्र शाळेत शिकवलेलं होतं. त्या सावकाश, एकेक शब्द वेगळा करून बोलल्या आणि गजालाच्या जिवात जीव आला. ते होते डेक्लन आणि नोरा. गाव आयर्लंडच्या पश्चिम टोकाला. धंदा शेती. मेंढ्या आणि थोड्या गायी.

"म्हणजे इंग्रजच," जानराव म्हणाला.

"नाई," गजाला म्हणाली. "ते म्हणतात की इंग्रज म्हणू नका. त्यांच्यावरही इंग्रजांचंच राज्य होतं."

"गोऱ्यायवर गोऱ्यायचं?" मोतीराम चक्रावून गेला. "मंग वळखत कसे होते?"

गजाला हा प्रश्न इंग्रजीत नेण्याच्या भानगडीत पडली नाही.

रीतीप्रमाणे पाहुण्यांना मोतीरामच्या शेतात नेलं. खुशालराव मागून छत्री हलवत होते, "आधी इकडं, आधी इकडं," पण पथकाचा शिरस्ता कोण मोडणार? मोतीरामने लाल पडलेलं पान तोडून दाखवलं. डेक्लनने ते पाहिलं, मान हलवली, आणि मग तो चक्क गुडघ्यांवर बसला. भुईला पडलेल्या भेगेत त्याने हात घातला. कोपरापर्यंत आत गेला. त्याने मूठभर काळी माती बाहेर काढली, चुरली, नाकाला लावली आणि बायकोला हाका मारमारून काहीतरी सांगायला लागला.

"काय म्हणते?"

गजाला म्हणाली, "म्हणतात, अशी जमीन मी जन्मात पाहिली नाही. आमच्याकडे कुदळ मारली की दगड निघतो. आमच्या बापजाद्यांनी शेतातले दगड वेचून बांध घातले, तरी दगड संपले नाहीत. म्हणतात, तुम्ही नशीबवान आहात."

मोतीरामच्या हातातलं पान खाली पडलं. इतकी पथकं आली, सगळ्यांनी हळहळ केली, लिहून नेलं. शेत चांगलं आहे असं म्हणणारं हे पहिलंच. आता यावर काय बोलायचं, हे पथकाच्या रीतीत कुठे बसत नव्हतं. तो बांधावर गेला आणि तुरीच्या हिरव्या शेंगा ओंजळभर तोडून त्याने डेक्लनच्या टोपीत भरल्या.

आणि तेवढ्यात नोराबाईंनी टेकाडाकडे बोट केलं.

त्या जे बोलल्या ते खुशालरावांनी गजालाला दोनदा सांगायला लावलं. बाई म्हणत होत्या, "आम्ही तो बुरूज पाहून थांबलो. आमच्या गायरानात अगदी असाच आहे. अर्धा पडलेला. म्हटलं, हा आपला इथे कसा आला?"

पुढचा तास मी कधी विसरणार नाही. खुशालराव पुढे, छत्री उंच. मागे गोरी जोडी, तिच्यामागे अख्खं गाव. टेकाडावर पोचल्यावर सगळे थांबले. तीस वर्षं घोकलेला क्षण आला होता. खुशालरावांनी तोंड उघडलं आणि त्यांना एकही राजा आठवेना. आयर्लंडच्या पाहुण्याचं मन राखायला कोणता राजा सांगायचा, हे त्यांनी कधी ठरवलंच नव्हतं.

"कोणी बांधला असं विचारतात," गजाला म्हणाली.

खुशालरावांनी गावाकडे पाहिलं, नासिरभाईंकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सांग, माहीत नाई."

नोराबाई हसल्या. म्हणाल्या, आमचाही कोणी बांधला ते कोणाला माहीत नाही. बोर्ड लावला आहे, त्यावर लिहिलंय ते आमच्या शेजाऱ्याने सांगितलेलं आहे, आणि तो पट्टीचा थापाड्या आहे.

डेक्लन बुरुजाभोवती फिरला. हाताने दगड चाचपले, पायाशी वाकून पाहिलं. मग वरच्या पिंपळाकडे बोट करून तो काही बोलला. झाड तोडा, मुळ्या बुरूज फोडताहेत, असं गजालाने सांगितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. नासिरभाईसुद्धा खाली पाहायला लागले.

"त्याले सांग बाई," खुशालराव हळूच म्हणाले, "तिथं मुंजा राहते."

गजालाला मुंजाचं इंग्रजी येईना. तिने हातवारे केले, बटूची शेंडी दाखवली, डोळे मोठे केले. आम्हाला वाटलं, आता हा हसणार. डेक्लनने बोट झटकन मागे घेतलं आणि डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या शेतात एक काटेरी झाड आहे, एकटं. त्याच्याखालीही असेच अदृश्य राहणारे आहेत, असं तो म्हणाला. रस्ता करायला मशीन आलं, तेव्हा ड्रायव्हरने झाडाला हात लावायला नकार दिला आणि रस्ता वाकवून नेला. आपण स्वतः हे मानत नाही, असं डेक्लनने सांगितलं. पण तोडणारही नाही.

"बिलकुल बराबर," नासिरभाई म्हणाले. "मीही नाई मानत."

संध्याकाळी जीप अकोटकडे गेली. खुशालराव छाती काढून जानरावपुढे उभे राहिले. "बोल आता."

जानराव तयारच होता. "नरनाळ्याले चालले होते. वाटेत दिसला म्हणून वळले. खास आले काय? उद्या म्हैस वळली तर तीही मोजू काय?"

"अरे त्या बाईनं स्वताच्या तोंडानं सांगितलं!"

"स्वताच्या तोंडानं सांगितलं, पण चालले कुठी होते? नरनाळ्याले. मी नेम सोडत नाई. वाटेवरचा पाहुणा तो वाटेवरचा."

गावात दोन तट पडले. वाटेवरून वळलेला माणूस खास आला म्हणायचा की नाही, यावर मारुतीच्या पारावर इतकं बोलणं झालं की मी कोणत्या बाजूचा होतो हे मलाच आठवेनासं झालं. खुशालराव घरी येऊन न जेवता आडवे झाले. वच्छलावहिनी म्हणाल्या, "आता बुरुजाले रडू नका, मले रडा. तुमचं ताट झाकून झाकून माह्ये हात दुखले."

सकाळी मी ओसरीवर चहा घेत होतो, तोच नासिरभाई सायकल टाकून धावत आले. "खुशालभाऊ! उठ! तो टोपीवाला आला! अकोटहून उलटा आला!"

आम्ही पळत टेकाडावर गेलो. डेक्लन बुरुजाच्या पायाशी ओणवा बसला होता, बाह्या सरसावून. दगडांच्या फटींमधली भुसभुशीत माती तो बोटांनी काढत होता आणि त्यात चपटे दगड आणि चिपा ठोकून बसवत होता. नोराबाई चिपा वेचून देत होत्या. त्यांनी सांगितलं की नवऱ्याला झोप येईना. पायाचा एक दगड सुटला आहे, पुढच्या पावसाने कोपरा जाईल, असं तो सारखं म्हणत होता. घरी असाच एक कोपरा त्याने आळसाने जाऊ दिला होता.

थोड्या वेळात जानराव आला. डोळे बारीक करून पाहत राहिला. "हा कोणत्या योजनेतून काम करून राहिला?"

"कोणत्याच नाई."

"मंग मजुरी कोण देते?"

"कोणीच नाई."

जानराव हे गणित सोडवत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "पाहाले नाई आला हा. काम कराले आला. माही अट पाहाले येण्याची होती."

"सरपंचसाहेब," नासिरभाई म्हणाले, "अकोटहून डिझेल जाळून, नरनाळा सोडून, तुमच्या टेकाडावरच्या काट्यांत येऊन बसला तो. आता अजून कसं खास येते माणूस? घोड्यावर बसून यावं काय?"

जानरावने आईची शपथ घेतली होती. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "हारलो," तो म्हणाला. "घे तुहा बुरूज."

दुपारी वच्छलावहिनींनी सोल्यांची भाजी आणि भाकर केली. आम्ही सगळे ओसरीवर बसलो. जानरावही होता, हरला म्हणून जेवण सोडणारा तो नव्हे. खुशालराव आनंदाने नुसते फुलून गेले होते. त्यांनी गजालाला सांगितलं, "विचार त्यायले, तिकडं अजून काय काय हाये पाहाले?"

नोराबाईंनी सांगितलं. मठ आहेत, छप्पर नसलेले. किल्ले आहेत. आमच्या गोठ्याच्या भिंतीत मठाचे दगड आहेत, आजोबांनी आणले. ("पाहा!" जानराव म्हणाला.) आणि सगळ्यात जास्त माणसं पाहायला येतात ते डोंगराच्या उतरणीवरचं एक गाव. दगडी घरांच्या रांगाच्या रांगा, चूल आहे, दार आहे, छप्पर नाही. एका वर्षी बटाटे शेतातच सडले, मग पुन्हा सडले. माणसं गेली. काही मेली, काही जहाजात बसली. आता बस येते, खाली चहाचं दुकान आहे.

"दाखवते कोण?" खुशालरावांनी विचारलं.

"कोणी नाही. तिथे कोणी राहत नाही. बोर्ड आहे."

खुशालरावांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी पुन्हा विचारलं, "त्या गावचा एकही माणूस नाई? खोटं सांगाले सुदा?"

"एकही नाही."

डेक्लनला तेवढ्यात दुसरी भाकर वाढली गेली आणि बोलणं ठेच्याकडे वळलं. ती दोघं निघाली तेव्हा वहिनींनी नोराबाईंची ओटी भरली. हे तांदूळ-नारळ घेऊन काय करायचं, हे बाईंना समजलं नाही, आणि त्यांनी जाकिटाच्या सगळ्या खिशांत तांदूळ भरले. जीप गेली. गावाने हात हलवले. खुशालरावांनी हलवला नाही. ते मोतीरामच्या शेताकडे बघत होते.

पुढचे दोन दिवस जिंकलेला माणूस सुतक लागल्यासारखा फिरत होता. वहिनींनी दृष्ट काढली. नासिरभाईंनी विचारलं, "बुरूज वाचला ना? मग तोंड काहून असं?"

"मले समजून नाई राहिलं, नासिर. लोक पाहाले यावेत म्हणून मी तीस वर्षं उभा राहिलो. अन् तिकडं लोक येतात, त पाहण्याजोगतं काय, त माणसं गेली तेच."

"मग?"

"मग काय, तेच समजत नाई ना."

तिसऱ्या दिवशी ते जानरावच्या दारात गेले. मी सोबत होतो. जानराव दाढी करत होता.

"पडलेले गोटे ने," खुशालराव म्हणाले. "टेकाडाखाली जे घरंगळून पडले हायेत ते. उभा हाये त्याले हात लावशील त हात तोडीन."

जानरावचा वस्तरा गालावरच थांबला. "जिंकला ना तू? आता काहून देऊन राहिला?"

"अरे, गढीची माती तुह्या धाब्यावर हायेच ना? गोटे नाल्यात गेले त काय बिघडलं? पाणी राहिलं त गाव राहील. बुरूज दाखवाले कोणी त लागन."

"मंग हे ग्रामसभेत काहून नाई सांगितलं? माह्या मायले शिव्या काहून घातल्या?"

"तवा मले कुठी समजलं होतं?"

"अन् आता समजलं?"

खुशालरावांनी बराच विचार केला. "नाई," ते म्हणाले आणि घरी आले. त्या दिवशी मात्र ते नीट जेवले.

बंधारा उन्हाळ्याच्या आत झाला. पडलेले दगड पुरले नाहीत, थोडे खाणीतून आणावे लागले, आणि पाणी अडलं ते जानरावने सांगितलं त्याहून कमी आणि खुशालरावांना वाटलं होतं त्याहून पुष्कळ. मोतीरामच्या विहिरीला जरा जीव आला. बुरूज उभा आहे. डेक्लनने बसवलेला कोपरा अजून हललेला नाही, आणि वर मुंजा सुखात आहे.

पुढच्या वर्षी बंधाऱ्याची पाहणी करायला पथक आलं. एक तरुण इंजिनियर साहेब फीत घेऊन उतरले. नाल्याच्या काठावर छत्री घेऊन खुशालराव उभेच होते. मी लांबून ऐकत होतो.

"हा दगड नीट पाहा साहेब. टाकीचा घाव दिसते? हे काम आताचं नोहे. तुमी मूळचे कुठचे?"

"नागपूरचा."

"असं! मंग त तुमाले सांगालेच पाह्यजे. हे भोसल्यांच्या वेळचं काम."

साहेबांनी हातातल्या मंजुरीच्या कागदावरची तारीख पाहिली, दगड पाहिला, पुन्हा तारीख पाहिली. मग त्यांनी टोपी मागे सारली आणि हळूच विचारलं, "मग आम्ही मंजूर केलेला बंधारा कुठे आहे?"

"दाखवतो ना," खुशालराव छत्री उघडत म्हणाले. "पण आधी टेकाडावर चला. हे समजाले आधी बुरूज पाहा लागते."